तीन गावं आणि युरोपचं अंधारयुग

ताई गेली तो मंगळवार होता. सकाळी तिने चहा मागितला. मी चहा घेऊन आलो तेव्हा ती गेली होती.

तेरा दिवस घरात माणसं होती. चौदाव्या दिवशी मेहकरच्या एका वाचनालयाच्या सचिवांचा फोन आला. ताईने त्यांना व्याख्यान कबूल केलं होतं, तसंच उंद्रीला आणि वरवट बकालला. गावं तीन, विषय एकच: 'युरोपचं अंधारयुग खरंच अंधाराचं होतं का?' सचिव थोडा वेळ हळहळले आणि मग म्हणाले, "आता कसं करावं भाऊ? बॅनर तर छापून झालं." बॅनर छापून झालं की आपल्या जिल्ह्यात मरणालाही जरा थांबावं लागतं. मी येऊन वाचून दाखवतो, असं मी सांगितलं.

ताई तीस वर्षं चिखलीला कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवत होती. मी बुलढाण्याला ग्रंथपाल होतो. आम्हा दोघा भावंडांनी लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतर एकाच घरात राहिलो. घरात बोलणं कमी, पुस्तकं जास्त. एके दिवशी ती जुन्या उत्तरपत्रिकेचा कागद हातात घेऊन आली. त्यावर एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं: 'मध्ययुगात युरोपात अंधार होता. चर्चमुळे विज्ञान थांबले. लोक पृथ्वी चपटी मानत.' ताईने त्याला पैकीच्या पैकी गुण दिले होते. ती म्हणाली, "मी तीस वर्षं या वाक्याला गुण देत आले. ते खरं आहे का, हे एकदाही पाहिलं नाही." पुढची चार वर्षं तिने तेच पाहिलं आणि ऐंशी पानांची वही लिहिली.

शेवटच्या महिन्यात तिने मला बजावलं होतं, "मला जमलं नाही तर तू वाच. पण लोकांनी नुसत्या माना डोलावल्या तर फुकट गेलं असं समज. एक माणूस तरी भांडला पाहिजे."

मी वही तासाभराच्या वाचनात बसवली. त्यासाठी कापाकापी केली. 'कदाचित', 'बहुधा', 'माझ्या वाचनात तरी' हे तिचे लाडके शब्द काढले. काही ठिकाणी ती स्वतःच्याच म्हणण्याला आडवी गेली होती; ते परिच्छेद गाळले. वकील आपल्याच अशिलाविरुद्ध साक्षीदार उभा करत नाही. जन्मभर पुस्तकं हाताळल्यामुळे असल्या गोष्टी मला कळतात, अशी माझी समजूत होती.

मेहकर

मेहकरला सकाळीच पोहोचलो. कार्यक्रम दुपारी होता, म्हणून जुन्या देवळाकडे गेलो. देवळाजवळच्या एका दुकानात नारळाच्या ढिगाशेजारी काचेच्या पेटीत नवसाचे चांदीचे डोळे, पाळणे, हात-पाय मांडले होते. दुकानात साठीची बाई बसली होती. माझ्या डोक्यात वही होती, म्हणून तिला उगाच सांगितलं की आठशे वर्षांपूर्वी युरोपातले लोक संतांच्या थडग्यापाशी मेणाचे पाय वाहायचे.

"मेणाचे?" तिने विचारलं. "उन्हानं वितळत नव्हते का?"

"तिकडे ऊन कमी असतं."

"हां. मग ठीक हाय. पाय बरे व्हायचे का पण?"

"काहींचे होत असतील."

"म्हणजे इथल्यासारखंच," ती म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. त्या दिवशी मेहकरात मध्ययुग कळलेलं हे एकच माणूस मला भेटलं, आणि तिला व्याख्यानाचं आमंत्रण नव्हतं.

वाचनालयाच्या सभागृहात बॅनर लागलं होतं. ताईच्या नावाआधी पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून त्यावर 'कै.' लिहिलं होतं. सरस्वतीच्या फोटोशेजारी ताईचा फोटो, दोघींना सारखेच हार. दोन मिनिटं स्तब्धता पाळायचं जाहीर झालं. ती चाळीसेक सेकंदांत आटोपली. सत्कार मात्र अर्धा तास चालले. व्यासपीठावर अकरा माणसं होती. समोर साधारण तिप्पट असतील, आणि त्यातल्या निम्म्यांचे सत्कार व्हायचे होते.

मग मी वाचलं. मध्ययुगातल्या शिकलेल्या माणसांना पृथ्वी गोल आहे हे ठाऊक होतं. त्यांच्या राजांच्या हातात जो गोळा असे तो पृथ्वीचाच. शहरांत सार्वजनिक स्नानगृहं होती. चेटकिणींना जाळण्याचं पेव ज्या शतकांत फुटलं, ती बहुतेक नंतरची, ज्यांना आपण मोठ्या कौतुकाने प्रबोधनाची म्हणतो ती. आत खिळे असलेली लोखंडी पेटी, जिच्यात माणूस कोंडत असं चित्र आपण पाहतो, ती पुढच्या काळातल्या लोकांनी प्रदर्शनासाठी बनवलेली. विद्यापीठं त्याच काळात आणि चर्चच्याच छायेत उभी राहिली. चष्मा तेव्हाचा, आणि वजनांच्या ओढीवर चालणारं यांत्रिक घड्याळही. 'अंधार' हे नाव त्या लोकांनी स्वतःला घेतलेलं नाही. ते पुढच्यांनी ठेवलं, आपण उजेडात आहोत हे दाखवायला.

माना डोलत होत्या. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ तर इतके डोलत होते की त्यांना झोप लागली आहे हे मला उशिरा कळलं.

अध्यक्ष निम्मं वाचन झाल्यावर आले. ते येताच सगळे उभे राहिले, म्हणून मीही चष्म्याच्या वाक्यावर थांबलो. आपल्याकडची रीत वाचकांना माहीत आहे: अध्यक्षांचं भाषण शेवटी, आणि त्यानंतर आभारांखेरीज कोणी तोंड उघडायचं नाही. अध्यक्ष म्हणाले, "बाईंनी फार मोलाचं लिहून ठेवलं. युरोपात लोक पृथ्वी चपटी समजत, वर्ष वर्ष आंघोळ करत नसत, हे आज आपल्याला समजलं. त्या वेळी आपण कुठं होतो? आपण शिखरावर होतो!" टाळ्या पडल्या. मी एक तास जे नाही म्हटलं, ते त्यांनी तीन मिनिटांत हो केलं, आणि रीतीप्रमाणे तोच शेवटचा शब्द झाला.

जेवायला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती. ती उत्तम होती. हे लिहिलं नाही तर अन्याय होईल. सचिव तूप वाढत म्हणाले, "साहेबांनी समारोप कसा छान केला, नाही का?"

"त्यांनी उलटं सांगितलं," मी म्हणालो.

"आता ते चालायचंच हो भाऊ. पण बाईंचं नाव किती बार घेतलं पाहा!"

उंद्री

उंद्रीच्या बसमध्ये सत्कारातला नारळ पिशवीतून निसटला आणि गडगडत पुढे जाऊन एका बाईच्या पायावर आदळला. "नारळ कोनाचा हाय बे?" कंडक्टर ओरडला. कोणी बोलेना. शेवटी त्याने माझ्या मांडीवरची शाल पाहिली. "ओ शालवाले काका, देव सांभाळा ना तुमचा!" मी तो नारळ त्या बाईंनाच देऊन टाकला. पुढच्या दोन गावांत आणखी मिळणारच होते.

उंद्रीच्या व्याख्यानाची व्यवस्था प्रमोद सरांकडे होती. तिशीतले विज्ञान शिक्षक. गावात विज्ञान मंडळ चालवतात, ग्रहणात गावाला गच्चीवर नेऊन दाखवतात. माणूस मला आवडला, म्हणून त्याचा राग जास्त आला. त्यांनी मला शेतात नेलं. तुरीची सोंगणी झाली होती, शेजारी हरभरा होता. त्यांनी हरभऱ्याची झाडं उपटून काट्याकुट्यांवर भाजली. राखेतले घाटे सोलून खाताना बोटं, ओठ आणि माझा एकमेव पांढरा सदरा काळा झाला.

मी वाचनाची प्रत त्यांना आधी वाचायला दिली होती. ते म्हणाले, "सर, राग नका मानू. पण हे मले पटत नाही. युरोप सुधारला कसा? चर्चले लाथ मारून! तुम्ही तेच काढून टाकून राह्यले. मंग मी गावातल्या बुवाले काय सांगू?"

"युरोपात काय घडलं आणि तुम्ही बुवाला काय सांगायचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"वेगळ्या काऊन? जाळलं नाही का त्याइनं लोकाइले?"

"जाळलं."

"मंग ते कोठी हाय तुमच्या कागदात?"

मी म्हणालो, विषय विज्ञानाचा आहे. हे उत्तर मला तेव्हा पुरेसं वाटलं. शिवाय मी मनातल्या मनात त्यांना मेहकरच्या अध्यक्षांशेजारी बसवून टाकलं होतं. अध्यक्षांना युरोप हवा होता तो आपला चेहरा गोरा दिसावा म्हणून, आणि सरांना हवा होता तो बुवाच्या पाठीत घालायला. मेणाचे पाय वाहणाऱ्या माणसांशी दोघांनाही काही देणंघेणं नव्हतं.

पण वाद घालायला माणूस मिळाला होता, म्हणून मी खूश होतो. सभागृहात वाचून झाल्यावर मी मुद्दाम विचारलं, "कोणाला काही विचारायचं आहे?" आणि प्रमोद सरांकडे पाहिलं. ते खाली मान घालून बसले. मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाईचं बरोबरच असन." झालं. पुन्हा टाळ्या, पुन्हा शाल.

बाहेर आल्यावर मी सरांना धरलं. "शेतात एवढं बोललात. आत काऊन नाही?" माझ्याही तोंडात त्यांचा शब्द आला होता.

"कसं बोलू सर?" ते म्हणाले. "बाई राह्यल्या नाही आता. गेलेल्या मानसाले आडवं जात नाईत आमच्याकडे. ते काही चांगलं दिसत नाही."

ही रीत मी जन्मभर पाळत आलो होतो. तिच्यात काय आहे हे उंद्रीच्या पारापाशी शाल खांद्यावर घेऊन उभा असताना कळलं. जिवंतपणी ज्याचं कोणी वाचत नाही, मेल्यावर त्याचं सगळंच बरोबर असतं. म्हणजे तेव्हाही वाचायची गरज नाही. माणसाला असं हारांखाली पुरण्याचा शोध कोणत्याही मध्ययुगाला लागला नव्हता.

वरवट बकाल

घाट उतरला की आमचा जिल्हा बदलतो. हवा गरम, माती काळी आणि सपाट. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. खामगाव, शेगाव करत, पूर्णा ओलांडून वरवट बकालला पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. रस्त्याच्या कडेला कापसाने भरलेली वाहनं उभी होती.

इथलं वाचनालय म्हणजे एक खोली, आणि ती चालवतात शीलाताई इंगळे. निवृत्त मुख्याध्यापिका, वय ताईएवढंच. दोघींची ओळख एका प्रशिक्षण शिबिरातली. पुढे पत्रं चालत हे मला ठाऊक होतं. त्यांच्या घरात बुद्धाची छोटी मूर्ती होती आणि भिंतभर पुस्तकं, विषयवार लावलेली. मी ग्रंथपालाच्या नजरेने पाहिलं. एकही चूक सापडली नाही.

"पाणी खारं हाय इथलं," त्या म्हणाल्या. "चहा तसाच लागन. सांभाळून घ्या."

चहा खरंच खारट होता. मी ताईच्या फोटोची आणि हाराची पिशवी पुढे केली. त्यांनी ती कोपऱ्यात ठेवली. "हार नंतर पाहू. आधी तुमी वाचा."

संध्याकाळी खोली भरली. चाळीसेक माणसं असतील, बायका निम्म्या. अध्यक्ष बापूसाहेब गावातले मोठे जमीनदार, वेळेवर आलेले. स्तब्धता नाही, सत्कार नाही. मी वाचू लागलो. राजाच्या हातातला गोळा, स्नानगृहं, लोखंडी पेटी, चष्मा. तिसऱ्यांदा वाचत असल्यामुळे आवाजात एक सराईत तुच्छता आली होती; ती मला स्वतःला ऐकू येत होती आणि आवडतही होती. शेवटचं वाक्य संपवून मी कागद मिटले.

"थांबा," शीलाताई म्हणाल्या. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मांडीवर कागदांचा गठ्ठा होता आणि त्यावर बोट. "तुमी पान एकसष्ट वाचलंच नाही."

मला आधी समजलं नाही. मग दिसलं: ताईच्या अक्षराची झेरॉक्स. तिने दिवाळीत ती त्यांना तपासायला पाठवली होती, आणि मला सांगितलं नव्हतं.

"वेळ कमी होता," मी म्हणालो.

"अन् तिचे 'बहुधा' कोठी गेले? तिनं इतकं ठासून कधी लिहिलं नाही. हे तिचं नाही, हे तुमचं हाय. एकसष्ट वाचा."

"शीलाबाई," बापूसाहेब म्हणाले, "पाहुण्याले असं नाही बोलत. बाई जाऊन महिना नाही झाला."

"म्हणूनच बोलून राह्यली," त्या म्हणाल्या आणि गठ्ठ्यातलं एक पान माझ्या हातात दिलं.

ते पान मी ओळखलं. काळ्या शाईने सर्वांत जाड रेघा मी वहीतल्या त्याच पानावर मारल्या होत्या. मी वाचलं. ताईने लिहिलं होतं:

'एवढ्यावर थांबले तर मी खोटी ठरेन. याच युरोपात, याच घंटा वाजणाऱ्या गावांत ज्यूंची वस्ती बहुधा वेगळी असे. त्यांनी कपड्यांवर खूण लावावी असं धर्मपीठाने ठरवलं होतं. साथ आली की यांनीच विहिरीत विष टाकलं म्हणत, आणि त्यांना जाळत. जाळणाऱ्यांत क्रूर माणसं होती, तशी साधी, देवभोळी, शेजाऱ्याच्या अडचणीला धावणारीही असावीत. काही बिशप आणि एक पोप आडवे गेले. लोकांनी ऐकलं नाही. अंधारयुग म्हणून हा काळ झटकला की आपली सोय होते. ते लोक आपल्यासारखे नव्हते, असं म्हणता येतं. ते आपल्यासारखेच होते. वाचणाऱ्याने आपल्या गावाचा नकाशा काढावा. कोणाची वस्ती कुठे आहे, विहीर कुठे आहे, ते लिहावं.'

हे पान मी मुद्दा कमजोर होतो म्हणून गाळलं, असं मी स्वतःला सांगितलं होतं. ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं की, शेवटच्या दोन ओळी कोणत्या सभागृहात वाचायच्या आहेत हे मला माहीत होतं, आणि पाहुणा म्हणून जेवायचंही तिथेच होतं.

मग बापूसाहेब म्हणाले, "युरोपात आमच्या गावची विहीर कोठून आली हो?"

"विहीर कोठी येत नाही अन् जात नाही," शीलाताई म्हणाल्या. "हाय तिथंच हाय. तुमीच सांगा कोठी हाय ते."

"आता नळ हाय ना सगळ्याइले."

"हाव, हाय ना," मागून एक म्हातारी म्हणाली. "खारं पाणी सगळ्याइले सारखंच येते. गोडं होतं तेव्हा नव्हतं येत." खोली हसली. बापूसाहेब हसले नाहीत.

मग जे सुरू झालं ते मला नीट क्रमाने सांगता येणार नाही. एक जण म्हणाला, जुनं उकरून काय मिळतं? दुसरा म्हणाला, आठशे वर्षांपूर्वीचं चालतं अन् चाळीस वर्षांपूर्वीचं नाही चालत, असं काऊन? गावात आरोग्य खात्याची आशाताई म्हणून काम करणारी एक तरुण बाई उठली. "पोप आडवा गेला म्हणता, तरी लोकाइनं ऐकलं नाही. मंग दोष धर्माचा का लोकाइचा?" शीलाताई म्हणाल्या, खूण लावायचा नियम कोणी केला ते पाह्य. ती म्हणाली, नियम तर लई असतात मॅडम, आमाले ठाऊक हाय कोनता पाळतात अन् कोनता नाही. तिने शीलाताईंचं ऐकलं नाही, आणि शीलाताई तिच्यावर चिडल्या. शेवटी तिने मला विचारलं, "बाईचं काय म्हनणं होतं याच्यावर?"

मला सांगता आलं नाही. ताईने यावर लिहिलेलं होतं एवढं आठवत होतं. ते मी गाळलेल्या भागात होतं.

बापूसाहेबांनी उठून अध्यक्षीय समारोप केला. चांगला केला. पान त्यांना मान्य नव्हतं, आणि तसं ते स्पष्ट बोलले. "बाई आज असत्या तर मी त्याइच्याशी भांडलो असतो. नाहीत, म्हणून तुमच्याशी भांडतो." त्यांच्यानंतरही तिघं जण बोलले.

सकाळी शीलाताईंकडे भाकरी आणि भरीत होतं. मी वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली, उजेडाकडे धरली, मागच्या बाजूने पाहिलं. शाई पार झाली होती.

"तुमी ग्रंथपाल होते ना?"

"हो."

"मंग हे कसं केलं?"

मी दोन गावांतल्या लोकांना न वाचल्याबद्दल मनातून हसत आलो होतो. त्यांनी तिचं वाचलं नाही, हे खरंच. पण त्यांनी तिचं खोडलंही नव्हतं.

झेरॉक्स मागितली तर त्या म्हणाल्या, "देत नाही. राग नका मानू भाऊ, पण भरवसा नाही तुमचा. इथं येऊन बसा अन् उतरवून घ्या. मी वाचून पाहीन."

मी दर गुरुवारी जातो. वहीतली तेवीस पानं माझ्या रेघांखाली वाचता येत नाहीत. त्यांपैकी नऊ उतरवून झाली आहेत. चौदा राहिली आहेत.